दहा बाय बाराच्या खोलीत स्टुडिओ मॉनिटर कुठे ठेवायचे?

घरी गाणी रेकॉर्ड करणारे, पॉडकास्ट करणारे, शॉर्ट फिल्मचा साउंड बघणारे असे बरेच जण सुरुवातीला पाच इंची वूफरचे (खालच्या सुरांच्या मोठ्या पडद्याचे) पॉवर्ड मॉनिटर, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्टुडिओचे स्पीकर, घेतात. खोकं उघडतं, मॉनिटर टेबलावर लॅपटॉपच्या दोन बाजूंना ठेवले जातात, टेबल भिंतीला किंवा कोपऱ्याला सरकवलेलं असतं आणि काम सुरू होतं. मग तोच मिक्स गाडीत लावला की बास फुगलेला निघतो, इअरफोनवर आवाज टोचतो, फोनवर तर डग्गा ऐकूच येत नाही. अशा वेळी मॉनिटरवर संशय जातो आणि महागड्या जोडीचा शोध सुरू होतो.

थांबा. नवी जोडी त्याच जागी ठेवलीत तर तीही जवळपास तेच खोटं सांगेल. साधारण २०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे बासच्या पट्ट्यात, तुम्हाला जे ऐकू येतं, त्यात स्पीकरपेक्षा खोलीचा आणि तुमच्या खुर्चीच्या जागेचा वाटा मोठा असतो. जागा बदलायला पैसे लागत नाहीत. लागतो तो मोजण्याचा टेप, थोडी सुतळी, मदतीला एक माणूस आणि एक मोकळी दुपार. म्हणून फोम, पॅनेल, सबवूफर हे सगळं जागा ठरल्यानंतर.

उदाहरणाला आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम घेऊ: दहा फूट रुंद, बारा फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. विटांच्या, प्लास्टर केलेल्या भिंती, खाली टाइल्स, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला कपाट, शिवाय पलंग. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. होम स्टुडिओवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथल्या घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात. खालच्या सुरांना अशी भिंत थोडी हलते, थोडा बास खाते, थोडा बाहेर जाऊ देते. आपली विटांची किंवा काँक्रीटची भिंत ढिम्म हलत नाही. जवळपास सगळा बास परत खोलीत फेकते. त्यामुळे त्या व्हिडिओंमधले नियम आपल्यालाही लागू होतात, पण बासचे चढउतार आपल्याकडे जास्त तीव्र असतात. जागा निवडताना आपल्याला म्हणूनच अधिक काटेकोर राहावं लागतं.

आधी भिंत ठरवा

मॉनिटर दहा फुटी भिंतीपुढे ठेवा आणि त्यांची तोंडं बारा फुटांच्या लांबीकडे करा. असं केलं की तुमच्या पाठीमागे जास्तीत जास्त अंतर मिळतं. मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज जितका उशिरा आणि जितका हलका होऊन येईल तितकं बरं. उलटं केलंत, म्हणजे बारा फुटी भिंतीला टेबल लावलंत, तर डोक्यामागे पाच-सहा फूटच उरतात आणि मागची भिंत सतत मध्ये बोलत राहते.

डावी-उजवी बाजू सारखी असणं तितकंच महत्त्वाचं. टेबलाचा मध्य भिंतीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून पाच-पाच फुटांवर यायला हवा. एक मॉनिटर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्यावर असेल तर कोपऱ्यातला जास्त गडद वाजणार. मग तुम्ही ते सावरायला पॅन (आवाज डावी-उजवीकडे नेणारं बटण) आणि लेव्हल सरकवत बसणार आणि गाणं दुसरीकडे एका बाजूला झुकलेलं वाटणार. बाजूच्या भिंती एकसारख्या नसतात, हे आपल्याकडे ठरलेलंच. एकीकडे खिडकीची काच, दुसरीकडे कपाट. शक्य असेल तर कपाट मागच्या अर्ध्यात हलवा, म्हणजे निदान मॉनिटर आणि तुमचं डोकं यांच्या आजूबाजूचा भाग दोन्हीकडे सारखा राहील. खिडकीला जाड पडदा लावा आणि तिच्या समोरच्या बाजूच्या भिंतीवर तसाच पडदा टांगा. पलंग मागच्या भिंतीला राहू द्या. कापसाची जाड गादी मागून येणारा आवाज चांगला शोषते, ती अडगळ समजू नका.

टेबल कोपऱ्यात तिरकं ठेवायचा मोह होईल, कारण त्यात जागा वाचते. तो टाळा.

खोली दहा बाय दहा असेल तर अडचण वाढते. दोन्ही दिशांना एकाच सुरावर बास साचतो. छतही दहा फुटांवर असेल तर तिन्ही दिशांना. तरीही पुढचे नियम तेच, फक्त खुर्ची बसवायला जास्त वेळ द्या.

मग डोक्याची जागा, स्पीकरची नंतर

नवखा माणूस आधी स्पीकर ठेवतो आणि उरलेल्या जागेत खुर्ची सरकवतो. क्रम उलटा हवा.

कारण असं. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून घुमतात. त्यातला सगळ्यात खालचा सूर काढायचा तर १७२ ला मीटरमधल्या अंतराने भागा. आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो, त्याचा हा अर्धा आकडा. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४७ हर्ट्झ. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे ५६ हर्ट्झ. साडेनऊ फुटांच्या छताला ५९ हर्ट्झ. हे सूर भिंतींजवळ फुगतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसे होतात. म्हणजे बारा फुटांच्या लांबीत सहा फुटांवर खुर्ची ठेवलीत तर ४७ हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. किक ड्रम पातळ वाटतो, तुम्ही तो वाढवता आणि गाडीत डिकी थरथरते. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर नेमकं उलट होतं.

सुरुवातीला समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं ठेवा, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. आपल्या खोलीत ते १३९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार फूट सात इंच. पण हा फक्त पहिला अंदाज. प्रत्यक्षात डोकं पुढे-मागे अर्धा फूट सरकेल आणि शेवटचा निर्णय कानांनी किंवा मोजणीने होईल. ३८ हा आकडा देवाघरून आलेला नाही. त्याचा मुद्दा एवढाच की मध्यावर बसू नका आणि भिंतीलाही चिकटू नका.

रुंदीच्या बाबतीत मात्र आपण मध्यावरच बसतो, नाहीतर डावं-उजवं बिघडतं. म्हणजे दहा फुटी रुंदीचा ५६ हर्ट्झचा सूर तुमच्या खुर्चीवर कायम कमी ऐकू येणार. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते, तेव्हा तो सूर तुमच्या खोलीत दबका ऐकू येणार हे धरून चाला. तिथे फेडर (आवाजाची सरकपट्टी) वाढवण्याआधी हेडफोनवर एकदा ऐका.

मॉनिटरमागची भिंत आणि ८६ चं गणित

मॉनिटरमधून उंच सूर पुढे जातात, पण खालचे सूर चारी बाजूंना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतो. एका ठरावीक सुरावर तो नेमका उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली असा, पोहोचतो आणि दोघं एकमेकांना खातात. तो सूर काढायला ८६ ला मॉनिटरच्या पुढच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या मीटरमधल्या अंतराने भागा. अंतर एक मीटर असेल तर ८६ हर्ट्झला खड्डा. ५२ सेंटिमीटरला १६५ च्या आसपास. ३० सेंटिमीटरला २८७.

इथे नवख्यांना मिळणारा एक सल्ला तपासून घ्यावा लागतो: ‘मॉनिटर भिंतीपासून जितके लांब, तितके चांगले.’ मोठ्या स्टुडिओत ते खरं आहे. दोन-अडीच मीटर लांब ठेवता आले तर खड्डा ३५–४० हर्ट्झला जातो, जिथे पाच इंची वूफर तसाही फारसं बोलत नाही. आपल्या खोलीत मात्र भिंतीपासून लांब म्हणजे तीन-साडेतीन फूट, आणि त्या अंतरावर खड्डा नेमका ८०–९० हर्ट्झला पडतो. किकचा धक्का आणि बेस गिटारचा गाभा तिथेच असतो. तो खड्डा इक्वलायझरनेही (वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनानेही) भरत नाही, कारण तिथे जितकं वाढवाल तितकंच परतणाऱ्या आवाजातही वाढतं आणि पुन्हा कापलं जातं.

त्यामुळे लहान खोलीत मी मॉनिटर भिंतीजवळ ठेवायच्या बाजूचा आहे. कॅबिनेटची पाठ भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर ठेवा. यामाहाच्या एचएस ५ या पाच इंची मॉनिटरची पुढून मागपर्यंतची लांबी साधारण २२ सेंटिमीटर आहे, म्हणजे पुढचं तोंड भिंतीपासून तीसेक सेंटिमीटरवर येतं आणि खड्डा २८० च्या आसपास सरकतो. तिथे मॉनिटरमागे, त्या फटीत मावेल इतक्या जाडीचं रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनेल लावलं की तो थोडा आटोक्यात येतो. ८६ हर्ट्झ शोषायला इतकं जाड पॅनेल लागेल की खोलीत तुम्ही मावणार नाही.

याची किंमतही आहे. भिंतीजवळ गेल्यावर खालचे सूर वाढतात, एका भिंतीमुळे सहा डेसिबलपर्यंत, आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. पण वाढलेला बास कमी करता येतो, नाहीसा झालेला परत आणता येत नाही. मॉनिटरच्या पाठीवरचं बटण याचसाठी दिलेलं असतं. एचएस ५ वर रूम कंट्रोल नावाचं बटण आहे, त्यावर शून्य, उणे दोन आणि उणे चार डेसिबल असे पर्याय आहेत. जेबीएलच्या ३०५ पी मार्क टू वर बाउंड्री ईक्यू आहे, उणे दीड आणि उणे तीन. भिंतीजवळ ठेवलेल्या मॉनिटरवर हे शून्यावर ठेवू नका.

बासचं भोक मागे असेल तर ते भिंतीला बुजेल अशी भीती अनेकांना वाटते. भोकाच्या व्यासाइतकी किंवा थोडी जास्त फट राहिली की हवा मोकळी खेळते. फक्त मागचं पॅनेल भोकाच्या तोंडाला चिकटवू नका.

त्रिकोण: सुतळी काढा

दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करायचा, हे सगळे सांगतात. बाजू किती हे कमी जण सांगतात. दहा फुटी भिंतीसाठी एक मीटर ते सव्वा मीटर. एक मीटरपासून सुरुवात करा. प्रत्येक मॉनिटर मध्यरेषेपासून पन्नास सेंटिमीटरवर येतो आणि बाजूच्या भिंतीपासून एक मीटरवर राहतो. एक मीटर बाजूच्या त्रिकोणाची उंची ८७ सेंटिमीटर. मॉनिटरचं तोंड भिंतीपासून तीस सेंटिमीटरवर असेल तर तुमचं डोकं ११७ सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या ३२ टक्क्यांवर येईल. ३८ च्या जवळ जायचं असेल तर बाजू सव्वा मीटर करा. डोकं १३८ वर येतं, जवळपास नेमकं तिथेच. या खोलीत मला सव्वा मीटरची मांडणी जास्त आवडते. मात्र बाजूच्या भिंतींवर पॅनेल नसतील तर एक मीटर बरा, कारण स्पीकर जवळ असला की खोलीपेक्षा त्याचा थेट आवाज वरचढ राहतो. अशा जवळून ऐकायच्या मॉनिटरना निअरफील्ड म्हणतात ते याचसाठी.

मोजणी टेपने होईल, पण सुतळीने अधिक चोख होते. एका मॉनिटरच्या ट्वीटरपाशी (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरपाशी) कागदी टेपने सुतळीचं टोक चिकटवा, दुसऱ्या ट्वीटरपर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. तीच लांबी आता डाव्या ट्वीटरपासून तुमच्या डोक्याच्या जागेपर्यंत आणि उजव्या ट्वीटरपासून तिथपर्यंत ताणून बघायची. हे दुसऱ्या माणसाने करायचं. तुम्ही रोज कामाला बसता तसे बसा, पाठ ताठ करून फोटोला बसल्यासारखं नको. दोन्ही बाजूंत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. मधला आवाज डळमळतो तो बहुतेकदा इथल्याच चुकीमुळे. ट्वीटरच्या पडद्याला मात्र बोट लावू नका, सुतळी बाजूच्या कडेला चिकटवा.

आता तोंडं आत वळवा. समभुज त्रिकोणात प्रत्येक मॉनिटर तीस अंशांनी आत वळतो. दोन्हींच्या रोखाच्या रेषा तुमच्या नाकावर नव्हे, तर डोक्याच्या थोड्या मागे, वीसेक सेंटिमीटरवर मिळू द्या. त्यामुळे खुर्चीत थोडं पुढे-मागे झालात तरी चित्र लगेच विस्कटत नाही. बसल्या जागेवरून दोन्ही मॉनिटरची आतली बाजू किंचित दिसावी आणि दोन्हीकडे सारखीच दिसावी, ही नजरेची खूण पुरेशी आहे.

उंची आणि टेबल

ट्वीटर कानाच्या पातळीवर. खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून साधारण ११५ ते १२० सेंटिमीटरवर असतात, आणि टेबल ७५ वर. म्हणजे मॉनिटर नुसते टेबलावर ठेवले तर ट्वीटर छातीकडे बघतो. ते उचलावे लागतात. उचलणं शक्यच नसेल तर पुढून वर कलते करा. जास्त उंच असतील तर खाली झुकवा, पण दहा-पंधरा अंशांच्या आतच.

टेबलाचा विषय मात्र लोक हलक्यात घेतात. ट्वीटर आणि कान दोन्ही १२० सेंटिमीटरवर, टेबल ७५ वर, आणि मधलं अंतर एक मीटर असं धरा. सरळ येणारा आवाज १०० सेंटिमीटर चालतो, टेबलावर आपटून येणारा साधारण १३४. हा ३४ सेंटिमीटरचा फरक ५०० हर्ट्झला खड्डा पाडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. माणसाचा आवाज आणि हार्मोनियम याच पट्ट्यात राहतात. गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि दोष माइकला दिला जातो.

खात्री करायची असेल तर गोधडी घ्या, चार-पाच घड्या करा आणि तुम्ही व मॉनिटर यांच्या मधोमध टेबलावर दोन्ही बाजूंना ठेवा. ओळखीचा कोरा (इफेक्ट न लावलेला) आवाज वाजवा, गोधडी काढून पुन्हा वाजवा. फरक ऐकू आला की टेबलाबद्दल कोणी पटवून द्यावं लागत नाही. उपाय म्हणजे टेबल जितकं लहान आणि खाली ठेवता येईल तितकं ठेवा आणि मॉनिटर टेबलाऐवजी त्यामागे स्टँडवर घ्या. मोठी स्क्रीन असेल तर ती मॉनिटरच्या तोंडाच्या रेषेच्या पुढे आणू नका. लॅपटॉप शक्य तितका खाली.

स्टँडसाठी महाग वस्तू लागत नाही. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे करून घ्या, खालची पाटी रुंद ठेवा आणि पाइपात कोरडी वाळू भरा, म्हणजे पाइप घणघणत नाही. टेबलावरच ठेवायचे असतील तर खाली दाट रबराचे किंवा फोमचे तुकडे द्या. टेबलाचा पत्रा आणि ड्रॉवर त्यामुळे कमी थरथरतात. मॉनिटर हाताने किंचित ढकलून बघा. डुलत असेल तर खालचा तुकडा फार मऊ आहे.

मॉनिटर उभेच ठेवा. जुन्या स्टुडिओंच्या फोटोंत पांढऱ्या पडद्याचे यामाहा एनएस-१० मॉनिटर मिक्सिंगच्या कन्सोलवर आडवे ठेवलेले दिसतात आणि त्यावरून अनेक जण आपलेही आडवे करतात. एनएस-१० मुळात १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आले, पुढे जगभरच्या स्टुडिओंत रुजले आणि २००१ मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं. आजचे दोन-मार्गी मॉनिटर उभे ठेवायला बनवलेले असतात. आडवे केले की वूफर आणि ट्वीटर तुमच्या कानांपासून वेगवेगळ्या अंतरावर जातात आणि डोकं जरा बाजूला हललं तरी दोघांच्या सांध्यावरचा आवाज बदलतो.

वायर आणि आवाजाची पातळी

वायर बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण छाटणाऱ्या, तीन जोडांच्या) वापरा. दोन्ही मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक आणि मॉनिटर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा. गुणगुण आली तर अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. जीवाशी खेळ आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. मॉनिटर चालू करताना सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

मग पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर असलेला, धबधब्यासारखा चाचणीचा आवाज) लावा, एका वेळी एकच मॉनिटर. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप खऱ्या आकड्यासाठी भरवशाचं नसतं, पण डावं-उजवं सारखं करायला चालतं. फोन डोक्याच्या जागी धरा आणि अर्ध्या डेसिबलच्या आत दोघांना आणा. कामाची पातळी इतक्या छोट्या खोलीत ७४ ते ७६ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि व्हॉल्यूमच्या बटणावर तिथे खूण करा. आवाज हळू असला की कानाला बास कमी वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. रोज वेगळ्या व्हॉल्यूमवर मिक्स केलंत तर बासचा अंदाजही रोज वेगळा येणार. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करावा लागतोच. तेव्हा एडिटिंग करा, बासचे निर्णय सकाळवर सोडा.

आरसा फिरवा, मग पॅनेल

खुर्चीत बसा आणि मित्राला बाजूच्या भिंतीवर, कानाच्या उंचीला आरसा धरून सरकवायला सांगा. आरशात मॉनिटर दिसला की त्या जागी पेन्सिलीने खूण. प्रत्येक भिंतीवर डावा आणि उजवा असे दोन्ही मॉनिटर कुठे दिसतात ते बघा. छतावरही तसंच. या खुणा म्हणजे आवाज पहिल्यांदा आपटून तुमच्याकडे येतो त्या जागा. दोन बाय चार फुटांची, चार इंच जाडीची रॉकवूलची पॅनेलं कापडात गुंडाळून तिथे लावा, भिंतीपासून दोन इंच सोडून. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर अंगाला खाज सुटते. एक इंची फोमच्या चादरींनी भिंत मढवू नका. त्या फक्त वरचे सूर खातात, बास तसाच राहतो आणि खोली कोंदट वाटते. अंड्यांच्या ट्रेचा काहीच उपयोग नाही.

पंखा हा आपल्याकडचा खास मुद्दा. छतावरचा पंखा फिरत असताना त्याच्या पात्यांवरून परतणारा आवाज सतत बदलतो आणि लांब सुरांना बारीक थरथर येते. ऐकून निर्णय घेताना पंखा बंद करा.

आता ऐका

आधी मोनो. माणसाचा आवाज दोन्ही मॉनिटरमधून सारखा वाजवा. तो दोघांच्या मधोमध, हवेत एका बिंदूवर उभा राहिला पाहिजे. पसरट वाटला तर वळण किंवा अंतर चुकलंय. एका बाजूला झुकला तर लेव्हल किंवा बाजूची भिंत. कुठूनच येत नाही असं वाटलं आणि बासही गेला असेल तर एका वायरची फेज उलटी आहे.

मग तबला. कोऱ्या रेकॉर्डिंगमधला डग्ग्यावरचा घिस्सा शोधा, मनगट दाबत सूर खालून वर नेलेला. हा घिस्सा बासच्या नेमक्या अडचणीच्या पट्ट्यातून सरकत जातो, आणि खरा डग्गा कसा चढतो हे आपल्या कानाला पाठ असतं. तुमच्या खोलीत तो मध्येच बुडून पुन्हा वर आला, किंवा एका जागी अचानक फुगला, तर त्या सुरावर खोली बोलते आहे. आता खुर्ची पाच-पाच सेंटिमीटर मागे-पुढे सरकवत तोच घिस्सा पुन्हा पुन्हा लावा. कुठेतरी तो सलग चढतो. ती जागा धरा आणि मॉनिटर त्याच प्रमाणात सरकवून त्रिकोण पुन्हा सुतळीने जुळवा. जागा बदलल्यामुळे ८६ चं गणितही पुन्हा करा. असे दोन-तीन फेरे होतात.

डग्ग्याचं चांगलं रेकॉर्डिंग नसेल तर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा साधा सूर कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तयार करता येतो. तो लावून खोलीत फिराही. लोखंडी कपाटाचं दार, त्याला लटकलेली किल्ली, खिडकीची सरकती काच, भिंतीवरची तसबीर यांपैकी काहीतरी एका सुरावर नक्की वाजतं. हात ठेवा, बंद होतं का बघा, आणि तिथे फेल्टचा तुकडा लावा.

थोडे पैसे असतील तर पॅनेलांच्याही आधी मोजणीचा माइक घ्या. मिनीडीएसपीचा यूमिक-१ थेट यूएसबीला लागतो आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइक तुमच्या डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीला ठेवा, तुम्ही स्वतः बाजूला व्हा आणि डावा, उजवा आणि दोन्ही मिळून असे तीन वेळा मोजा. आलेख बघून घाबरू नका. अशा खोलीत दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार दिसतातच. तुम्ही शोधायचे ते खोल खड्डे, आणि तेही आलेख सरळ करायला नव्हे, तर खुर्ची आणि मॉनिटर कुठे हलवायचे हे ठरवायला. इक्वलायझरने फक्त उंचवटे उतरवा.

जागा पक्की झाली की स्टँडच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या जागेवर टाइल्सवर रंगीत चिकटपट्टी लावा. फरशी पुसताना स्टँड दोन इंच सरकतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.